यादीतला अकरावा प्रश्न

क्रेन चालवणाऱ्या बाईंना टीव्हीवर मुलाखतीला बोलावलं, तेव्हा त्यांच्यापेक्षा त्यांच्या धाकट्या बहिणीलाच आनंद जास्त झाला. गोदीतलं धान्याचं कोठार पेटलं, लोखंडी जिना कोसळला आणि छपरावर सात माणसं अडकली. बाईंनी क्रेनला लावलेल्या पाळण्यातून तीन खेपांत सातही जणांना खाली आणलं. वर्तमानपत्रात फोटो आला आणि पाठोपाठ टीव्हीवाल्यांचा फोन.

स्टुडिओत पाऊल टाकलं तिथूनच बाईंचा गोंधळ सुरू झाला. बाहेर भर दुपार आणि आत सोफ्यामागच्या खिडकीत दिवे लागलेलं शहर! बाईंनी बोट लावून पाहिलं, तर ते कापडावरचं चित्र निघालं. पुढून झकपक दिवाणखाना, मागून नुसती फळकुटं आणि खिळे.

"ताई, हात नको ना लावूस," बहीण दबक्या आवाजात म्हणाली.

साउंडवाल्याने बाईंच्या गळ्याशी माइक लावला, कमरेला माइकची डबी अडकवली. मग हेडफोनवाल्या फ्लोअर मॅनेजरने त्यांना दारातून आत यायला लावलं. मुलाखत घेणारा सूत्रधार उठून म्हणाला, "या ताई, किती दिवस भेटायचं होतं तुम्हाला!" बाई बसल्या, तोच फ्लोअर मॅनेजर ओरडला, "पुन्हा. सावली पडली." बाई पुन्हा बाहेर, पुन्हा आत. तीनदा सूत्रधाराने तितक्याच उमाळ्याने हात जोडले. तिसऱ्यांदा बाई चुकून म्हणाल्या, "अहो, आत्ताच तर भेटलो." प्रेक्षक खो खो हसले आणि चौथ्यांदा यावं लागलं.

मुलाखत मात्र बरी झाली. "वर माणसं अडकलेली पाहून हातपाय गळाले नाहीत?" सूत्रधाराने विचारलं.

"हातपाय गळून कसं चालेल? मग दांडा कोण ओढणार?" बाई म्हणाल्या, आणि टाळ्या पडल्या.

एक गोष्ट कुणी विचारली नाही. शेवटच्या खेपेला वारा सुटला, पाळणा भिंतीवर आपटला आणि आत बसलेल्या गोदीच्या मुकादमाचा पाय तीन ठिकाणी मोडला. तो पाय आता सरळ होत नव्हता. ते विचारलं नाही म्हणून बाईंना हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

प्रेक्षक पांगले. गाडी यायची होती, म्हणून दोघी बहिणी मागे अंधारातल्या खुर्च्यांवर बसल्या. इतक्यात सूत्रधार परत येऊन आपल्या जागी बसला. एकच कॅमेरा, तोही त्याच्याच तोंडावर. समोरचा सोफा रिकामा. आणि हा गृहस्थ त्या रिकाम्या सोफ्याला विचारू लागला, "वर माणसं अडकलेली पाहून हातपाय गळाले नाहीत?" विचारलं, मान डोलावली, गालात हसला, पुढच्या प्रश्नाला लागला.

"याला झालंय तरी काय?" बाईंनी विचारलं.

यादी घेऊन उभी असलेली सहायक मुलगी म्हणाली, "मघाशी कॅमेरे तुमच्यावर होते, मॅडम. आता सरांचे प्रश्न वेगळे घेतोय. नंतर तुमची उत्तरं जोडायची."

"पण प्रश्न तेच ना?"

"शब्द न् शब्द तोच. ही बघा यादी."

तेवढ्यात सूत्रधार म्हणाला, "मुकादमांचा पाय कायमचा अधू झाला. त्याबद्दल तुम्ही स्वतःला दोष देता?"

आणि मान किंचित कलती करून तो थांबला. समोर कुणीतरी उत्तर देतंय, अशा नजरेने रिकाम्या सोफ्याकडे बघत राहिला. बाईंना ते थांबणं सोसवेना.

"देते," त्या अंधारातून म्हणाल्या. "वारा फिरलेला मला कळला होता. दोन मिनिटं थांबायला हवं होतं. धूर बघून मी घाई केली. दोनदा दवाखान्याच्या दारापर्यंत गेले आणि तशीच मागे फिरले."

सूत्रधार दचकला. "कोण बोललं?"

"मी."

"पण ताई, हे नुसतं माझं तोंड टिपणं चाललंय…" तो सहायक मुलीकडे वळला. "हा प्रश्न आपण विचारला होता ना?"

"अकरावा ना? वेळ संपला म्हणून वगळला होता, सर. यादीतून खोडायचा राहिला."

"मग त्याला माझं कुठलं उत्तर जोडणार होता?" बाईंनी विचारलं.

फ्लोअर मॅनेजर घड्याळ बघू लागला.

साउंडवाला बाईंच्या कमरेची डबी काढायला आला. "बंद करायची राहिली," तो ओशाळून म्हणाला. "सगळं रेकॉर्ड झालंय. पुसू?"

सूत्रधाराने बाईंकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाल तसं."

"पुसलं तर मी बोललेच नाही, असं होतं का?"

"टीव्हीपुरतं होतं."

बाईंना धड काही उमगेना. खिडकी खोटी, भेट चार वेळा, प्रश्न विचारणारा एकीकडे आणि उत्तर देणारी दुसरीकडे. "राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि घरी पोचेपर्यंत आपण असं का म्हणालो याचाच विचार करत राहिल्या. ताईने सगळं बिघडवलं म्हणून बहीण रस्ताभर फुगून बसली होती.

आठ दिवसांनी कार्यक्रम लागला. अंधारातल्या बाईंचं चित्र कुणी घेतलंच नव्हतं. म्हणून पडद्यावर सूत्रधाराचा चेहरा आणि त्यावर बाईंचा आवाज. त्या आवाजाने दचकलेला तो चेहरा तसाच्या तसा दाखवला होता.

सकाळी मुकादमाचा फोन आला. अपघातानंतर पहिलाच.

"बाई, आवाज तुमचाच ना?"

"माझाच."

"मग तोंड त्या माणसाचं का दाखवलं?"

बाईंनी कॅमेरा, यादी, रिकामा सोफा, सगळं सांगून पाहिलं.

"मला काही कळलं नाही," मुकादम म्हणाला.

"मलाही नाही, मुकादम."

मग तो म्हणाला, "दवाखान्याच्या दारात एकदा दिसला होतात मला खिडकीतून. वाटलं, दुसऱ्या कुणाकडे आल्या असतील."

"तुमच्याकडेच आले होते."

"मग आता या घरी. मी कुठे पळतोय?"

हा विनोद होता की टोमणा, ते बाईंना ठरवता येईना. त्यांनी मुकादमालाच पत्ता विचारला, फोन ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.