घरमालकिणीचं गाठोडं

तिची नणंद दुपारी येणार होती आणि बाळाला घेऊन जाणार होती. "थोडे दिवस," असं ती म्हणाली होती. बोटीवर असलेल्या नवऱ्यानेही मागच्या बंदरातून फोन करून तेच म्हटलं होतं, "राहू दे गं ताईकडे थोडे दिवस. तुलाही जरा उसंत मिळेल." थोडे म्हणजे किती, हे दोघांनीही सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिला ते मान्य आहे असाच अर्थ निघाला असता.

मान्य तर तिला अजिबात नव्हतं. नणंद येईल तेव्हा घर असं लख्ख दिसलं पाहिजे, की बाईंच्या तोंडून पुढचा शब्दच फुटू नये, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. सकाळपासून ती हेच पक्कं करत होती. बेसिनसमोर उभी राहिली, नळ सोडला, दुधाच्या बाटल्यांच्या ढिगाकडे पाहिलं, नळ बंद केला. कपड्यांच्या घड्या घालायला बसली, एक झबलं मांडीवर घेतलं आणि ते तसंच धरून बसून राहिली. एका कामाला हात घालावा तर बाकीची सगळी अंगावर धावून यायची, आधी मी, आधी मी करत. मग ती खुर्चीत बसायची. लग्नाआधी हीच मुलगी प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांचे रॅकच्या रॅक जेवणाच्या सुट्टीआधी हातावेगळे करायची, हे आता कोणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

बाहेरच्या खोलीला मात्र आजवर कोणी नावं ठेवली नव्हती. त्याची तिच्याकडे एक युक्ती होती. कोणी येणार असं कळलं की ती पलंगावरची चादर ओढून जमिनीवर अंथरायची. टेबलावरचं, खुर्च्यांवरचं, पायात येणारं जे जे असेल ते त्यात लोटायची, चारी टोकं एकत्र करून गाठ मारायची, गाठोडं आतल्या खोलीत ढकलून दार लावायची आणि मग हसतमुखाने पाहुण्यांना दार उघडायची. गाठोडी नंतर सोडायची, असं दर वेळी ठरायचं. आता आतल्या खोलीत ती छातीएवढी साचली होती. ज्याच्यासाठी बांधलं त्याच्या नावाने तिने प्रत्येकाचं बारसंही केलं होतं. नळ बघायला आलेल्या घरमालकिणीचं गाठोडं. सासूबाईंच्या व्हिडिओ कॉलचं गाठोडं. लसीच्या नर्सबाईंचं. नवऱ्याला तिने हे एकदा फोनवर गंमत म्हणून सांगितलं होतं. तो पोट धरून हसला. "मी येईन तेव्हा माझंही बांधून ठेव," म्हणाला. तीही हसली होती. पण त्यानंतर त्या दारावरून जाताना ती दुसरीकडे बघून जायला लागली. चादरी संपल्या होत्या आणि पलंगाच्या गादीवर आता नुसता एक टॉवेल होता.

बाळाने भात तोंडातून बाहेर ढकलला तेव्हा तिला आधी रागच आला. मग तिने त्याला उचललं आणि त्याची मान तिच्या गालाला लागली.

मान गरम होती.

तिने पुन्हा गाल टेकवला. मग कपाळ, मग पोट. प्रयोगशाळेत काम केलेल्या बाईला गालाने ताप मोजावा लागत होता, कारण थर्मामीटर कुठल्या तरी गाठोड्यात होता. पण थर्मामीटरचं जाऊ दे. झटक्याचं औषध कुठे होतं? मागच्या तापात, नणंदेच्याच घरी, बाळाचे हातपाय ताठ झाले होते आणि डोळे वर गेले होते. डॉक्टरांनी औषधाच्या दोन बाटल्या लिहून दिल्या. एक इथे, एक नणंदेकडे. ताप चढतोय असं वाटलं की लगेच द्यायचं, वाट बघत बसायचं नाही, असं त्यांनी दोघींना बजावून सांगितलं होतं.

बाटली फ्रिजवर असायची. फ्रिजवर धुळीत एक गोल ठसा होता.

बाळाला झोळीत अंगाशी बांधून तिने आतल्या खोलीचं दार ढकललं. ते अर्धंच उघडलं. ती तिरपी होऊन आत गेली. मागच्या तापानंतर कोण आलं होतं? घरमालकीण. त्या वेळी तिने फ्रिजवरचंही सगळं खाली ओढलं होतं, कारण घरमालकीण उंच होती आणि तिची नजर वरूनच फिरायची. म्हणजे घरमालकिणीचं गाठोडं. निळ्या फुलांची चादर.

निळ्या फुलांची चादर सगळ्यात खाली होती.

तिने वरची दोन गाठोडी खेचली. एकाची गाठ सुटली आणि मोजे, खुळखुळे, बिलं, एक कुबट वासाचा टॉवेल असं सगळं पायांवर कोसळलं. तिचे हात थांबले. सकाळचंच झालं, सगळं एकदम अंगावर आलं, आणि तिला भिंतीला टेकून बसावंसं वाटलं. बाळ छातीशी कण्हलं. त्याचा श्वास झोळीच्या कापडातूनही गरम लागत होता.

एक सोपा मार्ग होता. दुसरी बाटली. नणंद अजून घरातून निघाली नसेल तर फोन करायचा, बाटली घेऊन या म्हणायचं. बस्स. पण मग ती विचारणार, तुझी कुठे गेली. आणि मग ही खोली. मग थोडे दिवस की पुष्कळ दिवस, हे विचारण्याचं तोंडही तिला उरणार नव्हतं. आधी शोधू या, सापडली तर कशाला कोणाला कळायला हवं. तिने अजून एक गाठोडं ओढलं. हलेना. बाळाचा एक हात झोळीबाहेर येऊन लुळा लटकत होता. तो तिने पाहिला आणि फोन लावला.

"निघालेच बघ," नणंद म्हणाली. मागे रस्त्याचा आवाज होता. "स्टॉपवर उभी आहे. बस आज उगवेल असं काही दिसत नाही."

"ताई, परत घरी जा."

"म्हणजे? आता पाय मागे घेतेस का तू?"

"तसं नाही. बाळाचं अंग तापलंय. झटक्याचं औषध तुमच्याकडचं घेऊन या."

"तुझ्याकडचं संपलं?"

हो म्हणणं अगदी जिभेवर आलं होतं.

"संपलं नाही. हरवलंय. घरातच आहे, पण घरात काय कुठे आहे ते मला माहीत नाही. आतली खोली भरली आहे, ताई. मी सगळं तिथे कोंबत आले. तुम्ही यायच्या आधीसुद्धा."

पलीकडे एक गाडी भोंगा वाजवत गेली. "त्याला गुंडाळू नकोस," नणंद म्हणाली. "कपडे काढ, कोमट पाण्याने पुसत राहा. रिक्षाने येते. आणि शोधत राहा."

फोन बंद झाला. सांगून झालं होतं. आता लपवायला काही नव्हतं, आणि तिला नवल वाटलं की हात मोकळे झाले होते. तिने बाळाला झोळीतून काढून उघडं केलं, दारातच टॉवेलवर निजवलं, ओल्या रुमालाने पुसलं. मग सांडलेल्या ढिगावर तिने एक रिकामी झालेली चादर पसरली. नळ्यांचा रॅक भरगच्च असला की प्रयोगशाळेत ती हेच करायची. वरून कापड टाकायचं, हात आत घालून एक नळी काढायची, तिचं काय ते करायचं, मग दुसरी. रॅककडे बघायचंच नाही. तिने चादरीखाली हात घातला. मोजा, डावीकडे. बिल, उजवीकडे. खुळखुळा बाळाच्या हातात, त्याने तो सोडून दिला. ओला रुमाल कपाळावर. पुन्हा हात आत. ढीग बसत गेला तसं निळ्या फुलांचं एक टोक दिसायला लागलं. गाठ सुटेना. तिने दातांनी सोडवली. फडकी, चमचे, मक्याच्या लाह्यांचा एक अख्खा डबा, नळाचा जुना वॉशर. आणि मग घरमालकिणीला दिसू नये म्हणून काढलेल्या, भोक पडलेल्या स्वतःच्याच गाऊनमध्ये गुरफटलेलं काहीतरी टणक हाताला लागलं.

तारीख बघितली, बाटली हलवली, मापाच्या थेंबनळीने मोजलं. तिचा हात जराही हलला नाही. बाळाने तोंड वाकडं केलं आणि गिळलं.

नणंद आली तेव्हा दार लोटलेलंच होतं. ती चपला न काढता आत आली, पर्समधली बाटली हातातच होती. "दिलं?"

"दिलं. तापाचंही त्यातच सापडलं, तेही दिलं. ताप जरा उतरतोय असं वाटतंय."

नणंदेने खाली बसून बाळाच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग मान वर करून आतल्या खोलीकडे पाहिलं. दार आता पुरतं उघडत होतं, त्यामुळे सगळंच दिसत होतं.

"एवढी कोणाची गं ही?"

"ते घरमालकिणीचं. ते सासूबाईंचं."

"आणि माझं?"

"पिवळ्या चादरीचं. त्याच्या मागचंही तुमचंच. तुम्ही दोनदा आलात ना."

नणंदेचे ओठ हलले. हसू होतं की दुसरं काही, ते कळलं नाही. "दोन्ही वेळेला मी माझ्या भावाला फोन करून सांगितलं होतं," ती म्हणाली, "की घर अगदी टापटीप ठेवते, पण चेहरा बघवत नाही. माझं मेलं हेच गणित सुटत नव्हतं." ती उठली. "मी बाळाला न्यायला आले आहे, हे तुला ठाऊक आहे."

"नेऊ नका."

"मग काय करू? हे असं सोडून जाऊ? आज बाटली सापडली. उद्या नाही सापडली तर?"

नाही सापडली तर, हेच ती दुपारभर स्वतःला विचारत होती. तिने बाळाकडे पाहिलं, मग खोलीकडे.

"बाळ राहू द्या," ती म्हणाली. "तुमची गाठोडी न्या."

"काय?"

"दोन्ही न्या. धुवा, फेका, काय हवं ते करा. मला सगळं एकदम नाही जमत, ताई. दोन कमी झाली तर बाकीची बघते. औषध मी आजपासून गळ्यात बांधून फिरेन हवं तर. पण याला नेलंत तर मी त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकणार नाही, हे माझं मला ठाऊक आहे."

खाली बाळाने कूस बदलली आणि ओला रुमाल जमिनीवर पडला. तिने तो उचलला, पिळला आणि पुन्हा त्याच्या कपाळावर ठेवला. तेवढ्या वेळात नणंद आतल्या खोलीत गेली होती. पिवळं गाठोडं ओढून तिने कमरेवर घेतलं.

"जड आहे," ती म्हणाली. "यात दगड भरलेस की काय?"

"तुमच्या वेळी कुंडी फुटली होती. ती असेल."

"आज रात्री मी इथेच झोपणार. ताप उतरल्याशिवाय हलणार नाही. आणि पुढच्या आठवड्यात येईन ती न कळवता येईन. पुन्हा एक जरी गाठोडं दिसलं तर बाळाला उचलून नेईन, मग रडलीस तरी ऐकणार नाही."

"या," ती म्हणाली, "येताना चादरी मात्र परत आणा."