हाक मारणारी माणसं

जाळीजवळ आलाच आहात तर जरा थांबा. कोण बोलतंय म्हणून इकडेतिकडे पाहू नका, मी वाळू बोलतोय. तुमच्या पायाखालची वाळू नव्हे, वाळू नावाचं हरीण. इथे अरबीत माझ्या जातीला रीम म्हणतात. अंगाचा रंग या आखाती वाळवंटाचाच, त्यामुळे मी गप्प उभा राहिलो तर तुम्हाला फक्त हलणारी काळी शेपटी दिसेल.

माझा जन्म अल रय्यान शहराच्याही पलीकडे, एका मझऱ्यावर झाला. मझरा म्हणजे शेत, पण इथलं पीक म्हणजे आम्ही हरणंच. मालक खलीलसाहेब. चारी बाजूंनी उंच जाळी, आत काटेरी झाडं, पाण्याचे हौद आणि थंडीत पाहुणे. आम्ही दोघे जुळे भाऊ. आईला दूध कमी होतं. तिनं भावाला जवळ घेतलं आणि मला हुंगून सोडून दिलं. मी तिला दोष देत नाही. दोघांना पुरलं नसतं, म्हणून तिनं एकाला वाचवलं.

मला उचललं पूर्णिमानं. ती नाशिकची, जनावरांच्या आहाराची डॉक्टर, मझऱ्यावरच्या चाऱ्याचं आणि खुराकाचं सगळं तिच्याकडे. तिनं मला ओढणीत गुंडाळलं आणि थेट शहरात, अल हिलालला आपल्या घरी नेलं.

त्या घराचं काय सांगू! फरशी पाण्यासारखी चमकायची आणि पाय ठेवला की घट्ट लागायची. भिंतीतून गार वारा यायचा. बोट टेकवलं की भर रात्री उजाडायचं. जे वाळवंटाला जमत नाही ते ही माणसं बसल्याजागी करत होती आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी मात्र बाटलीतलं दूध पिता पिता आ वासून बघत राहायचो. पूर्णिमाची लेक ईशा मला मांडीवर घ्यायची. आईनं मराठीत सांगितलं, "हळू पाज गं," की ती म्हणायची, "ओके, आय नो." वाळू हे नाव मात्र तिनंच ठेवलं, तेही मराठीत.

त्या घरात मी मराठी शिकलो आणि एका शब्दाच्या प्रेमात पडलो. तो शब्द मारणं. ईशा मला मिठी मारायची. मी सोफ्यावर उडी मारायचो. संध्याकाळी पूर्णिमाचा नवरा अवधूत मला घेऊन आवारात चक्कर मारायचा आणि वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा मारायचा. मी दिसेनासा झालो की पूर्णिमा हाक मारायची, "वाळू, ये रे!" मला वाटायचं, मारणं म्हणजे माणसांचं प्रेम करणं.

मोठा झाल्यावर मला मझऱ्यावर परत सोडलं. भाऊ मला ओळखेना, पण हळूहळू शेजारी चरू लागला. मग थंडी पडली, मोठमोठ्या गाड्यांतून पाहुणे आले. आमच्यात एक नर होता, सगळ्यांत लांब शिंगांचा. तो धावत धावत जाळीपर्यंत गेला. पुढे जायला जागाच नव्हती, म्हणून तो वळून उभा राहिला. मोठा आवाज झाला आणि तो खाली बसल्यासारखा पडला. पूर्णिमा फोनवर अवधूतला सांगत होती, "आज एकाला मारलं." मी जागच्या जागी गारठलो. शब्द तोच होता.

खलीलसाहेब दुष्ट होते म्हणावं, तर तेही नाही. सकाळी कोणी नसताना ते एकटे यायचे. खिशात खजूर असायचे. एकेकातली बी काढून तळहातावर ठेवायचे आणि मी खात असताना माझ्या कानामागे खाजवायचे. पाहुण्यांसमोर मात्र म्हणायचे, ही रानटी जनावरं, माणसाच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत. हाताने खाऊ घातलेल्या जनावराच्या शिकारीत पाहुण्याची शान ती काय? एकाच हातात खजूर आणि तोच हात बंदूक पुढे करणारा, हे कसं जमतं, याचं मला अजून नवल वाटतं.

मग एक सरकारी समिती बसली. जाळीच्या आत शिकार करू द्यायची का आणि दिली तर कोणाची, हे ठरवायला. मझरेवाले म्हणाले, जनावर आमचं, चारा आमचा. शेळी कापताना कोणी विचारतं का? शिकार बंद केलीत तर उद्या हरणं पाळेल कोण? दुसरे म्हणाले, ज्याला पळायला जागा नाही त्याची शिकार कसली? समितीतले काही जण दर थंडीत कोणाचे ना कोणाचे पाहुणे असत. ते म्हणे नुसताच चहा ढवळत बसायचे. हे सगळं मला पूर्णिमा खुराक घालताना सांगायची. मी थक्क व्हायचो. लांडगा आम्हाला खाण्याआधी कधी बैठक घेत नाही. माणूस घेतो, आणि त्यात कोणीतरी आमच्या बाजूनंही भांडतं!

प्रत्येक मझऱ्याचं मत मागवलं होतं. खलीलसाहेबांनी ते काम पूर्णिमावर सोपवलं. तिनं त्यात हळूच एक वाक्य घातलं, की बाटलीवर वाढवलेल्या हरणाला मारू नये. समितीनं ते उचलून धरलं. पण इंग्रजीत लिहिताना पूर्णिमानं 'डिअर' लिहिलं होतं. आपल्या मराठीत चितळही हरीण आणि मीही हरीण. मझरेवाल्यांचा वकील हसला. डिअरची शिंगं दर वर्षी गळतात, म्हणाला, यांची गळत नाहीत. आमच्याकडे डिअर नाहीतच, ही तर गझेल. झालं, एका शब्दापायी मी कायद्यातून बाहेर पडलो. पूर्णिमानं कपाळावर हात मारून घेतला. ते वाक्य कोणाचं हे खलीलसाहेबांनाही कळलं. आणि त्याच आठवड्यात एका पाहुण्यानं जाळीतून माझ्या शिंगांकडे बोट दाखवलं.

समितीच्या प्रमुख तय्यबाबाई, पिकल्या केसांच्या, प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, "नावांवर भांडू नका. हाक मारल्यावर जे येतं, ते सावज नाही. चला, बघून येऊ."

एका गार सकाळी सगळे जाळीच्या आत आले. मी आणि भाऊ लांब उभे होतो. खलीलसाहेब म्हणाले, बघा, जवळ येतात का. तय्यबाबाईंनी सांगितलं, कोणीतरी हाक मारा. पूर्णिमाची नोकरी, तिचा इथला मुक्काम, सगळं खलीलसाहेबांच्या एका सहीवर होतं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर जमिनीकडे वळवली. मला जायचं होतं, पण इतकी अनोळखी माणसं पाहून पाय उचलत नव्हते.

मग तिचा आवाज आला. चिरकलेला, पण तोच.

"वाळू, ये रे."

मी धावलो. भाऊ उलटा पळाला. मी थेट तिच्याकडेच निघालो होतो, पण मध्येच खजुराचा वास आला. जनावराची जात माझी, दुसरं काय! मी वळलो आणि सगळ्यांदेखत खलीलसाहेबांच्या खिशात तोंड घातलं.

खलीलसाहेबांचा हात हवेतच राहिला. मग तो माझ्या कानामागे आला. त्यांनी खजूर काढला, बी काढली आणि तळहात माझ्यापुढे धरला. त्यांचे डोळे भरले होते.

"खलास," ते पूर्णिमाला म्हणाले; अरबीत याचा अर्थ पुरे, विषय संपला. "खलास, दोक्तोरा."

तिची नोकरी राहिली. मझऱ्यांसाठी नियमही झाला, त्यावर समितीनं शिक्का मारला. हाकेला येणाऱ्याला अभय. आता मी वेगळ्या कुंपणात असतो, सावलीत, पोटभर खाऊन. एका हाकेत एवढं बळ असतं, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

पण माझा भाऊ पलीकडे आहे. त्याला नाव नाही. आईनं त्याला दूध पाजलं, म्हणून तो माणसाला भितो, आणि भितो म्हणून तो सावज. ज्याला आईनं टाकलं तो वाचला. थंडी पुन्हा आली आहे. पलीकडून आवाज येतो तेव्हा मी श्वास रोखून उभा राहतो, आणि भावाची काळी शेपटी हलताना दिसली की चरायला लागतो.

तुम्ही जाळीपाशी उभे आहात, तुमच्या हातात काही नाही, म्हणून सांगतो. तो बघा, त्या झाडाआड. पहिल्यांदा तो येणार नाही, कदाचित शंभर वेळाही येणार नाही. पण त्याला एखादं नाव द्या. आणि मारायचीच असेल, तर हाक मारा.