जाळ्यावरची बाय

आमच्या आकांक्षाने कोल्हापूरहून कुत्री आणली, तेव्हा मी आधी तिच्यावरच ओरडले. लेक प्राण्यांच्या संस्थेत काम करते, मन मऊ. पण तारकर्लीत कुत्र्यांचा काय तुटवडा आहे? मग तिने सांगितलं, ही लॅब्राडोर सहा वर्षं पिल्लं विकणाऱ्या एका माणसाच्या पिंजऱ्यात होती. पिल्लं द्यायची, ती उचलून नेली की पुन्हा द्यायची. पायांखाली कायम तारेची जाळी, जमिनीला पाय कधी लागलाच नाही. मी तिला घरात घेतली. नावावर घरात एकमत होईना, तोवर मी तिला बाय म्हणत होते, तेच राहिलं.

मालवणच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिचे मागचे पाय चाचपले. मोडलेलं काही नाही, पण पायांतलं मांस झडतंय. महिन्याभरात चालली नाही तर पुढे उठणारच नाही, म्हणाले. आकांक्षाची रजा संपली आणि बाय माझ्या गळ्यात पडली.

मी काय कमी लाड केले? गुबगुबीत गादी घातली, पेडवे मासळीचे काटे काढून भात कालवला. बाय आपली कोपऱ्यात पोट टेकून. उभी केली की थरथरायची आणि बसायची. वीस दिवस ते धूड मी उचलून बाहेर नेलं. कंबर गेली. राग तिच्यावरच काढायचे आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

एकविसाव्या दिवशी आमचे हे, बाबली, घरापुढच्या खळ्यात जाळं पसरून फाटलेलं सांधत बसले होते. मी बायला उन्हाला कडेला ठेवली आणि भांड्यांकडे वळले. मागे पाहते तर बाय सरपटत जाळ्यावर गेलेली, आणि चारी पायांवर उभी!

यांच्या जाळ्याला कुणी पाय लावलेला यांना खपत नाही. त्यावरून सख्ख्या भावाशी आठ दिवस अबोला धरला होता. मी तिला ओढायला धावले, तर हे हातातली सुई न सोडता म्हणाले, "हलवू नको तिका. जाळां तिका वळखीचां वाटता."

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. पिंजऱ्याचा तळ जाळीचा होता ना! मी मूर्ख तिला गादी घालत बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून यांनी जाळं रोज थोडं पुढे पसरायला घेतलं. या टोकाला बाय, त्या टोकाला भाताची ताटली. खळ्यातून माडांत, माडांतून किनाऱ्यावर. लोक हसले. बांगडा लागला होता, सगळ्यांच्या होड्या पाण्यात, आणि आमची तीन दिवस वाळूत. चौथ्या दिवशी मात्र जाळं न्यावंच लागणार होतं. आणखी दोन दिवस थांबा म्हणून मी भांडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाळं हळूहळू गोळा करायला लागले. बाय मागे मागे सरकत गेली. शेवटी तिच्या पायांखालचंही निघालं.

ती नुसत्या वाळूत उभी. अंगभर कापत होती. मी उचलायला पुढे झाले, तर यांनी माझा दंड धरला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिने वाळू हुंगली. एक पाय उचलला, ठेवला. मग दुसरा. तेवढ्यात एक लाट आली आणि तिच्या पायांवरून गेली. बाय दचकली आणि पळाली. खरंच पळाली, मागचे पाय वेडेवाकडे टाकत, थेट माडांपर्यंत!

मी तिथेच वाळूत बसले. महिनाभराचं ओझं एकदम उतरलं आणि डोळे वाहायला लागले. होडी ढकलता ढकलता हे वळून म्हणाले, "रडतस कित्याक गो?"

"बरां वाटला म्हणान," मी म्हटलं.

माडाखाली बाय थांबली होती. मी उठत नाही हे पाहून ती वळली, आणि एकेक पाय टाकत माझ्यापर्यंत चालत आली.