केक आधी, पातं नंतर

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. पण मी जन्मतःच सुरी होते असं समजू नका. माझी पहिली हयात कानस म्हणून गेली. लोखंड घासून घासून दात गेले, तेव्हा मी भंगारात पडले. तिथून मला एका निवृत्त हेडक्लार्कांनी घरी आणलं. त्यांना फावल्या वेळात सुऱ्या करायचा नाद लागला होता, आणि वेळ तर सगळाच फावला होता.

गॅलरीत त्यांनी मला तापवून मऊ केलं, घासून आकार दिला, मग लालबुंद करून तेलात बुडवलं. तेल त्यांच्या बायकोचं, म्हणजे बाईंचं, तळणाचं, त्याच दिवशी आणलेलं. त्यावरून घरात जे झालं, ते तुमच्या वयाला सांगण्यासारखं नाही.

मित्रांनो, तेलातून निघालेलं पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते ओव्हनमध्ये मंद भाजून थोडं नरम करावं लागतं. पण ओव्हनपुढे बाई उभ्या.

"अहो, आत केक आहे. भाऊ येतोय माझा."

"अगं, पातं भाजायचंय."

"केक आधी. लोखंड काही शिळं होत नाही."

नोकरीत एकेक फाइल वर्षवर्ष दाबून धरणाऱ्या साहेबांना ओव्हन रिकामा होईस्तोवर धीर निघेना. त्यांनी मला तसंच पॉलिशला घेतलं. हा मेहुणा दर रविवारी यायचा, केक खायचा आणि विचारायचा, "काय भाऊजी, झाली का तलवार?" त्याचं तोंड एकदाचं बंद करायचं, एवढाच साहेबांचा ध्यास. आठवडाभर मला पॉलिश पेपरने घासघासून त्यांनी आरसा केला. मूठ बसवली ती खुर्चीच्या पायाची. ती खुर्ची मेहुण्यानेच बसून मोडली होती.

"टोमॅटो चिरायला देता का जरा?" बाईंनी विचारलं.

"छे! ही शोभेची आहे."

मला फार वाईट वाटलं. कानस असताना निदान काम तरी होतं.

रविवारी मेहुणा आला. साहेबांनी मला उंच धरलं, हवेत कागद कापून दाखवला. मेहुणा खरोखर गप्प झाला. त्या आनंदात मी साहेबांच्या हातून सुटले. मी फरशीवर पडले. टण्णकन आवाज झाला आणि माझे दोन तुकडे झाले.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "घडीची आहे का?"

साहेब जे खाली बसले ते मान वर करेनात. तेव्हा बाईंनी मुठीकडच्या तुकड्याला, म्हणजे मला, उचललं. हातात तोलून पाहिलं आणि समोरचा केक कापला. सरळ, एकही कण न सांडता.

"लांबीच जास्त होती हो," त्या म्हणाल्या. "मला एवढीच हवी होती."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझी मूठ उतरवली, मला नीट भाजलं, नवं टोक काढलं. तेव्हापासून मी स्वयंपाकघरात आहे. बाई साहेबांना मला हात लावू देत नाहीत.

मित्रांनो, घरातली सुरी ओली टाकू नका, चमच्यांच्या गर्दीत कोंबू नका, आणि तिने डब्याची झाकणं तर मुळीच उचकटू नका. कडक दिसणाऱ्यालाही जपावं लागतं.

परवा साहेबांनी नवं पातं केलं आणि ओव्हनपाशी येऊन घुटमळले. आत केक होता. बाईंनी कच्चा केक बाहेर काढून ओट्यावर ठेवला.

"ठेवा तुमचं पातं," त्या म्हणाल्या. "भाऊ थांबेल."