खिंडीच्या अलीकडे

पाण्याची बाटली शोधताना आईने बर्फाचा डबा उघडला. आत मसाला लावलेलं डुकराचं मांस होतं. ते खिंडीपलीकडच्या आमच्या तुशेती मुलखात न्यायचं नाही, तिथल्या देवांना ते विटाळ वाटतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

"गाडी थांबव," ती म्हणाली.

अबानोची खिंड शंभर मीटरवर होती. गुडघे गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षांत, आईने पलीकडचं आपलं गाव पाहिलं नव्हतं.

"कोण बघणारे तिथे?" गाडी चालवणारा माझा धाकटा भाऊ बादूर म्हणाला.

"मी आहे ना! का मला आत्ताच मेलेली धरलंस?"

"दोन दिवसांची सुट्टी, त्यात तुझी नाटकं!"

"आईला गावी नेतोय म्हणून मिरवलंस, आणि निघालास मांस भाजायला!"

माझंही डोकं फिरलं होतं. मी डबा ओढला आणि सगळं अलीकडच्या दरीत ओतलं.

"आता दगड खा!" बादूर ओरडला.

तरी आई गाडीत बसेना. "गाडीत ते होतं. मी पायीच खिंड ओलांडणार."

माझा हात धरून ती दहा पावलं चालायची, थांबायची. मागून बादूरने चिडून हॉर्न दाबून धरला.

"वाजव मेल्या, वाजव!" ती न वळताच म्हणाली. "मी पायी आले, हे कळू दे सगळ्यांना."