बागुल दार उघडायला सांगतो

"भीती दार वाजवतेय ना? मग उघड दार आणि म्हण, या, बसा!"

हे बागुल म्हणाला. बागुल म्हणजे निळ्या कापडाचा, बटणांच्या डोळ्यांचा बागुलबुवा. रोज संध्याकाळी तो टीव्हीवरून मुलांच्या भीतीशी त्यांची ओळख करून देई. मुलं फोन करून सांगत, अंधाराची भीती वाटते, इंजेक्शनची वाटते. बागुल ठरलेलं वाक्य म्हणे, मग तेच सांगणारं गाणं लागे आणि भीती पळून जाई. निदान कार्यक्रम तरी संपे.

टेबलाखाली पाठीवर पडून, एक हात बागुलच्या डोक्यात आणि दुसरा त्याच्या हाताच्या तारेवर ठेवून बोलणाऱ्या माणसाला सगळे बाहुलीवाला म्हणत. "आज कुणाची भीती घालवलीत?" असं बायको विचारी, कारण घरी पाल दिसली की तो मोरीत पाऊल टाकत नसे.

आज फोनवर एक मुलगी होती. तिनं दार वाजतंय म्हटल्यावर वाक्य सवयीनं बाहुलीवाल्याच्या तोंडून गेलं. मग कानातल्या यंत्रात त्याला ते ऐकू आलं. ठक, ठक, ठक.

भीती सहसा आवाज करत नाही.

"कोण आहे गं बाहेर?"

"एक काका. आईनं पाठवलंय म्हणतात. आई कामावर आहे. उघडू? खुर्चीवर चढलेय, कडी येते हाताला."

"कुठले काका?"

"माहीत नाही."

"नको! उघडू नकोस!"

कानात दिग्दर्शिका कडाडली, "अहो, बागुल ओरडत नाही! मुलं दचकतील. गाणं लावते."

बाहुलीवाल्याचा माइक चालू होता. जे सांगायचं ते बागुलच्या आवाजात आणि सगळ्यांच्या देखत.

"आज गाणं नको हं, बाई," बागुल म्हणाला. "गाण्यात दार उघडायचंय. आणि या काकांना आपण ओळखत नाही."

कानात दिग्दर्शिकेचा बारीक झालेला आवाज आला, "नाव नोंदवताना घेतलेल्या नंबरवर तिच्या आईला फोन लावलाय. पोलिसांनाही. तुम्ही बोलत राहा."

"खुर्चीवरून उतर बघू," बागुल म्हणाला. "फोन घेऊन टीव्हीजवळ ये. अजून जवळ. माझ्या नाकाला धूळ लागलीय का सांग."

"लागलीय."

"हे लोक झाडतच नाहीत मला."

ती हसली. बाहेरचा माणूसही हसला. तो टीव्ही ऐकत होता.

"बाळ," दाराआडून गोड आवाज आला, "बागुलनं मघाशी सांगितलं ना? या, बसा म्हणायचं."

मुलगी म्हणाली, "खरंच, तूच सांगितलंस."

"चुकलो मी."

"बागुल चुकतो?"

"चुकतो. मघाशी फार मोठी चूक केली. तू इथेच बस, माझ्यासमोर."

बातम्यांची वेळ उलटून गेली. शेजारच्या स्टुडिओत टाय लावून बसलेले वृत्तनिवेदक ताटकळले; जगात जे घडलं होतं ते तसंच पडून राहिलं. वरच्या मजल्यावरून साहेबांचे फोन येत होते आणि दिग्दर्शिका ते उचलत नव्हती. बाहुलीवाल्याचा हात खांद्यापासून बधिर झाला होता. त्याला सशाची गोष्ट सुचेना, म्हणून बागुल जिन्याची, बसची, कशाचीही गोष्ट सांगत होता.

ठकठक थांबली. थांबली हे जास्त वाईट होतं.

मग धावती पावलं, आणि दारावर थापा. "अगं, मी आहे! उघड!"

"आई आहे," मुलगी म्हणाली. "उघडू?"

बाहुलीवाल्यानं तिच्या आईचा आवाज कधी ऐकला नव्हता.

"तू ओळखतेस तो आवाज?"

"हो."

"नक्की?"

"माझी आई आहे ती!"

"मग... तू ठरव."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. कडी निघाली. नंतर काहीच ऐकू येईना.

फोन उचलला गेला. आईला धाप लागली होती.

"हॅलो? ही म्हणते, तिला दार उघडायला सांगितलं होतं. कुणी सांगितलं?"

दिग्दर्शिका कानात पुटपुटली, "सांगा, तांत्रिक बिघाड."

बाहुलीवाल्यानं तार ओढली. पडद्यावर, घरोघरच्या पोरांसमोर, बागुलनं हळूच हात वर केला.