अंगठ्याला टिकेल असा डोळा

बाहुलीचा तिसऱ्यांदा बसवलेला डोळाही निघाला, आणि तो थेट कोर्डुलाच्या आईच्या गालात सापडला. वृद्धाश्रमात आईचं सगळं करणारी सिल्के फोनवर चढ्या आवाजातच बोलली, "बाई, घशात गेला असता तर? आता आणखी एकदा निघाला, की बाहुली कपाटात. वरून हुकूम आलाय."

बाहुली कपाटात म्हणजे आईचं जेवण बंद. सत्त्याऐंशी वर्षांची गेरलिंडे मांडीवर बाहुली असली, तरच सुपाच्या चमच्याला तोंड उघडायची.

कोर्डुलाला एका जागी बसवेना. जर्मनीतल्या सोनेबर्गमध्ये जुन्या बाहुल्या दुरुस्त कराव्यात तर तिनेच. लांबून लांबून लोक चिनीमातीची डोकी कापसात गुंडाळून तिच्याकडे आणत आणि हिच्या घरच्या बाहुलीचा एक डावा डोळा टिकेना! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पहिल्यांदा तिने सवयीने प्लास्टर भरलं; पण ही बाहुली रबरासारख्या मऊ व्हिनिलची, तिच्यात त्याचा भुगा झाला. दुसऱ्यांदा गरम गोंद लावला, तर आईने बाहुली हीटरवर ठेवली आणि गोंद पाघळला. तिसऱ्यांदा दोन नळ्यांतला, मिसळून लावायचा गोंद घेतला. तो दगडासारखा कडक झाला आणि डोकं दाबताच टक्कन सुटला. पुट्टी लावावी, तर ती तेल सोडते, आणि आई तर सगळं चाटून बघते. उरलं सिलिकॉन. ते लावून तिने दोन दिवस वाळवलं. दर तासाला उठून हुंगलं. व्हिनेगरचा वास काही जाईना, आणि आई तिकडे उपाशी होती.

शेवटी ती तशीच बाहुली घेऊन गेली. सिल्के दारातच उभी राहिली.

गेरलिंडेने बाहुली घेतली, नाकाशी धरली, नाक मुरडलं. मग अंगठा डोळ्यावर ठेवून कचकन दाबला. डोळा टुणकन तिच्या मांडीवर पडला.

"रद्द," ती म्हणाली, आणि बाहुली डाव्या बाजूला ठेवली.

सिल्केने हात पुढे केला. "द्या बाई इकडे."

पण कोर्डुला आईच्या अंगठ्याकडे बघत राहिली होती. चाळीस वर्षं बाहुल्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसलेला तो अंगठा. आई डोळे उपटत नव्हतीच. ती कामावर होती!

"आई, मग कशानं बसवू गं?"

"गोंदानं राहतो होय डोळा?" गेरलिंडे खेकसली. "खोबणीनं राहतो. डोकं तापव आधी. आणि हा घाण वास! उद्या पोराच्या तोंडात जाणार हे, कळतंय का?"

"सिल्के, दहा मिनिटं दे. पाया पडते तुझ्या."

"दहाच हं," सिल्के म्हणाली.

चहाच्या खोलीत कोर्डुलाने सिलिकॉन खरवडून काढलं, डोकं गरम पाण्यात मऊ केलं, पिशवीतला, आधीपेक्षा एका मापाने मोठा डोळा समोरून दाबून बसवला आणि डोकं गार पाण्याखाली धरलं. गार होताच खोबणीने डोळा गच्च आवळला. गोंदाचा थेंबही लागला नाही.

गेरलिंडेने हुंगलं. अंगठा ठेवला. दाबला. पुन्हा दाबला, नख पांढरं होईपर्यंत. डोळा हलला नाही.

"पास." बाहुली उजवीकडे गेली. रिकामा हात डावीकडे पसरला. "पुढची."

पुढची कुठली? कोर्डुलाने खुर्चीमागून जाऊन तीच बाहुली उचलली आणि डावीकडून तिच्या हातात दिली. पास. पुन्हा खुर्चीमागून. पास. चौथ्या फेरीला सिल्के सूप घेऊन आली. अंगठा डोळ्यावर ठेवूनच गेरलिंडेने चमच्याला तोंड उघडलं.

"नवीन दिसतेस," सूप गिळून ती लेकीला म्हणाली. "हात बरा आहे तुझा. थांब इथंच, जाऊ नकोस."

"नाही जात," कोर्डुला म्हणाली, आणि डोळे पुसत पुन्हा खुर्चीमागे गेली.